आजीचे दात कोणी काढले?

माझ्या आजीला मी दातांसह कधी पाहिले नाही. रात्री जेवणे झाली, भांडी घासून झाली की ती कवळी काढून एका पितळी वाटीत पाण्यात ठेवी. आम्हा नातवंडांना त्या वाटीचे भय आणि आकर्षण दोन्ही होते. आजी म्हातारी आहे, तेव्हा दात पडलेच असणार, असे आम्ही धरून चाललो होतो. मी कॉलेजात असताना एकदा सहज विषय निघाला आणि कळले की तिचे दात पडले नव्हते, ते काढले होते. तेव्हा तिचे वय होते तेहतीस.

ही १९५८ च्या आसपासची गोष्ट. तिच्या मनगटांचे आणि बोटांचे सांधे सुजू लागले होते. सकाळी उठल्यावर मूठ वळत नसे, पाण्याची कळशी उचलवत नसे. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी सांधे पाहिले, मग तोंड उघडायला लावले आणि बोटाने हिरडी दाबली. थोडे रक्त, थोडा पू आला. "पायोरिया आहे," ते आजोबांना म्हणाले, "इथले विष अंगात भिनते आहे. दात काढून टाका, सांधे मोकळे होतील." चार खेपांमध्ये सगळे दात काढले. सांधे काही मोकळे झाले नाहीत. "दात गेले ते गेलेच, आणि बोटं काही ऐकेनात," असे ती हसत सांगे.

त्या डॉक्टरांवर मला बरेच दिवस राग होता. पुढे जुनी वैद्यकीय पुस्तके चाळताना लक्षात आले की त्यांनी मनाचे काही केले नव्हते. ते विद्यार्थी असताना हेच शिकवले जात होते आणि ते शिकवणारी माणसे त्या काळातली नामवंत होती. आजीचे दात एका सिद्धान्ताने काढले होते. त्या सिद्धान्ताचा इतिहास सांगण्याजोगा आहे. विशेष म्हणजे तो अजून संपलेला नाही.

हिरडीखालची जागा

आधी पायोरिया म्हणजे काय ते पाहू. या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ पू वाहणे. हल्ली डॉक्टर त्याला पेरिओडोंटायटिस म्हणतात. आपण जुना शब्दच वापरू. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद फट असते, निरोगी माणसात दोन-तीन मिलिमीटर खोल. दातावर जीवाणूंचा चिकट थर सतत साचत असतो. तो वेळेवर निघाला नाही तर हिरडी सुजते, घासताना रक्त येते. थर तसाच राहिला की लाळेतील क्षारांमुळे तो दगडासारखा कडक होतो. काही लोकांमध्ये ही सूज खाली उतरते, फट खोल होऊन तिचा खिसा बनतो आणि दाताला धरून ठेवणारे तंतू व जबड्याचे हाड झिजू लागते. हाड झिजवण्याचे काम प्रत्यक्ष जीवाणू फारसे करत नाहीत. त्यांच्याशी लढणाऱ्या आपल्याच पेशी ते करतात. शेवटी दात हलतो. यात बहुधा वेदना नसतात, म्हणून रोगी उशिरा येतो.

दातांवरच्या या थरात सजीव आहेत हे प्रथम पाहिले ते हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापड व्यापाऱ्याने. १६८३ च्या सप्टेंबरात त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून, स्वतःच्या दातांमधील पांढऱ्या लगद्यात वळवळणारे सूक्ष्म जीव दिसल्याचे कळवले. हिरड्यांचे रोग मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून वैद्यांना ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत मुखाचे ६५ रोग सांगितले आहेत आणि त्यांपैकी १५ दंतमूलाचे, म्हणजे हिरड्यांचे आहेत. त्यांतल्या 'शीताद' रोगात हिरड्यांतून अकारण रक्त येते, त्या मऊ पडतात, दुर्गंधी येते. वर्णन आजही ओळखू यावे असे आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत या रोगाला 'रिग्ज यांचा रोग' असेही म्हणत. जॉन रिग्ज हे हार्टफर्ड गावचे दंतवैद्य. १८४४ साली होरेस वेल्स यांनी नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचा दात उपटून घेतला, त्या प्रसिद्ध प्रसंगात दात उपटणारा हात रिग्ज यांचा होता. पण त्यांचे खरे म्हणणे दात उपटण्याच्या विरुद्ध होते. हिरडीखालचा दगड नीट खरवडून काढा, दात वाचेल, असे ते सांगत. पुढच्या पन्नास वर्षांत हा साधा सल्ला मागे पडला आणि चिमटा पुढे आला. असे का झाले?

तोंड हे केंद्र

१८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जीवाणू दाखवला आणि वैद्यकाला नवी दृष्टी मिळाली. एकामागून एक रोगांचे जीवाणू सापडू लागले. विलोबी मिलर हा अमेरिकन दंतवैद्य बर्लिनला कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. दात किडतो तो जीवाणूंनी तयार केलेल्या आम्लामुळे, ही आज आपण शाळेत शिकवतो ती कल्पना त्याने १८९० मध्ये मांडली. १८९१ मध्ये त्याने आणखी एक लेख लिहिला. मानवी तोंड हे संसर्गाचे केंद्र आहे आणि तेथून जीवाणू किंवा त्यांची विषे शरीरात इतरत्र पोचून रोग निर्माण करू शकतात, असे त्यात म्हटले होते. मिलरने दात काढा असे सांगितले नव्हते, दात स्वच्छ करा आणि भरा असे सांगितले होते.

लंडनच्या विल्यम हंटर या डॉक्टरांनी १९०० पासून हीच गोष्ट जोरात सांगायला सुरुवात केली. (अठराव्या शतकातील शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर हे वेगळे.) ऑक्टोबर १९१० मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे मॅकगिल विद्यापीठात त्यांचे व्याख्यान झाले. त्या काळी अमेरिकेत किडलेल्या मुळांवर सोन्याच्या टोप्या आणि पूल बसवण्याची फॅशन होती. वरून सोने, खाली पू. हंटर यांनी या कारागिरीवर कडाडून टीका केली. रक्तक्षय, जठराचे विकार, मूत्रपिंडाचे विकार, मज्जातंतूंचे विकार अशा अनेक दुखण्यांमागे तोंडातील हा सडका माल आहे, असे ते म्हणाले. त्यांचा रोख गलिच्छ दंतकामावर होता आणि तेवढ्यापुरते ते बरोबरही होते. पण ऐकणाऱ्यांनी त्यातून सरळसोट अर्थ काढला: दात हेच संकट.

दोन गोष्टींनी या अर्थाला बळ दिले. पहिली म्हणजे क्ष-किरण. १८९५ मध्ये त्यांचा शोध लागला आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दातांची क्ष-किरण चित्रे काढणे रूढ होऊ लागले. मुळाच्या टोकाशी एखादी काळसर सावली दिसली की झाले. ज्याला कारण सापडत नाही अशा रोगाच्या रुग्णाला आता निदान बोट दाखवण्यासारखे काही मिळाले. दुसरी गोष्ट म्हणजे शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज. ते रश मेडिकल कॉलेजचे अधिष्ठाता, अमेरिकेतील वजनदार डॉक्टरांपैकी एक. १९१२ मध्ये त्यांनी सांध्यांचे व मूत्रपिंडांचे रोग हे दात, टॉन्सिल अशा दूरच्या केंद्रांमुळे होतात असे प्रतिपादन केले आणि 'केंद्रीय संसर्गा'चा सिद्धान्त नावारूपाला आला. त्यांचे सहकारी एडवर्ड रोझेनाऊ यांनी सशांवर प्रयोग केले. सांधेदुखीच्या रुग्णाचे जीवाणू सशाला टोचले तर ते सशाच्या सांध्यातच जाऊन बसतात, जठरव्रणाच्या रुग्णाचे जठरात, असे त्यांचे निष्कर्ष होते. सशांना टोचलेली जीवाणूंची मात्रा प्रचंड होती. इतरांनी हे प्रयोग करून पाहिले तेव्हा तसे निष्कर्ष मिळेनात. पण हे आक्षेप पुढे येईपर्यंत अनेक वर्षे गेली.

मग दात काढल्यावर रुग्ण बरे झाल्याच्या इतक्या हकिकती कशा? येथे थोडे थांबायला हवे. संधिवातासारखे रोग आपोआप वर-खाली होत असतात. दुखणे अगदी असह्य होते तेव्हाच माणूस डॉक्टरकडे जातो, म्हणजे लाट शिखरावर असताना. त्यानंतर काहीही केले, दात काढले, ताईत बांधला किंवा काहीच केले नाही, तरी बऱ्याच जणांचे दुखणे काही दिवसांत उतरणारच. ज्यांना बरे वाटले ते पेढे घेऊन येतात. ज्यांना नाही वाटले ते दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. डॉक्टरांच्या मनात मग पेढ्यांचीच नोंद राहते. यावर उपाय एकच: सारख्याच रुग्णांचे दोन गट करा, एकावर उपचार करा, दुसऱ्यावर करू नका, आणि दोन्ही मोजा. १९१२ मध्ये ही पद्धत रूढ नव्हती. ती रूढ व्हायला अजून तीसेक वर्षे होती.

ट्रेंटनचे रुग्णालय

या सिद्धान्ताचे सर्वांत भयंकर प्रकरण अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात घडले. ट्रेंटन येथील सरकारी मनोरुग्णालयाचे अधीक्षक १९०७ पासून हेन्री कॉटन होते. त्यांना खलनायक ठरवणे सोपे आहे. पण तेथे रुजू झाल्यावर त्यांनी रुग्णांना बांधून ठेवण्याची साधने बंद केली होती. म्युनिकला क्रेपेलिन आणि आल्झायमर यांच्या हाताखाली ते शिकले होते. वेड हा मेंदूचा रोग आहे आणि त्याला शारीरिक कारण असले पाहिजे, ही त्यांची धारणा होती. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी एका प्रकारच्या वेडात रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखवले होते. एका वेडाचे कारण जंतू निघाले, तर इतरांचे का नसावे? प्रश्न अगदी रास्त होता.

उत्तरही मिळाले असे कॉटन यांना वाटले. त्यांनी रुग्णांचे दात काढायला सुरुवात केली. दात काढून गुण आला नाही तर टॉन्सिल. त्यानेही नाही आला तर मोठ्या आतड्याचा भाग, जठराचा तुकडा, गर्भाशयाचे मुख, पित्ताशय. रुग्ण बरा झाला नाही याचा अर्थ सिद्धान्त चुकला असा होत नव्हता. लपलेले केंद्र अजून सापडलेले नाही असा होत होता. अशा सिद्धान्ताला हरवता येत नाही. रुग्ण मात्र हरत गेले. मोठे आतडे काढण्याच्या शस्त्रक्रियेत सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत, हे स्वतः कॉटन यांनीच मान्य केले होते. प्रतिजैविकांच्या आधीचा तो काळ होता. अनेक रुग्णांना संमती देण्याचा प्रश्नच नव्हता. विरोध करणाऱ्यांनाही ओढत शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेले जाई.

कॉटन यांचा दावा होता की ८५ टक्के रुग्ण बरे होतात. वर्तमानपत्रांनी कौतुक केले, दूरदूरचे नातेवाईक आपले रुग्ण घेऊन येऊ लागले. कॉटन यांचा विश्वास इतका पक्का होता की त्यांनी स्वतःच्या मुलांचेही दात काढवले. ढोंगी माणूस हे करत नाही. मला या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

१९२४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथील मनोविकारतज्ज्ञ फिलिस ग्रीनेकर यांना तपासणीसाठी पाठवण्यात आले. त्यांनी फायली वाचल्या, रुग्णांच्या घरी जाऊन ते प्रत्यक्षात कसे आहेत हे पाहिले. दात नसलेली, नीट चावू न शकणारी, बोलताना अडखळणारी माणसे त्यांना वॉर्डावॉर्डांत भेटली. त्यांनी रुग्णांची वर्गवारी केली तेव्हा चित्र उलटेच निघाले. जे बरे झाले होते त्यांच्यावर सर्वांत कमी उपचार झाले होते. ज्यांच्यावर सर्वांत जास्त उपचार झाले ते बरे न झालेल्यांत किंवा मेलेल्यांत होते. ग्रीनेकर यांच्या वहीतील ही मोजणी हा त्या काळातील वैद्यकाचा एक उत्तम नमुना आहे. पण त्यांचे वरिष्ठ अॅडॉल्फ मायर हे कॉटन यांचे गुरू होते. अहवाल प्रसिद्ध झाला नाही. शस्त्रक्रिया चालू राहिल्या. १९३३ मध्ये कॉटन वारले तोवर शेकडो रुग्ण प्राणास मुकले होते.

सिद्धान्ताचा अस्त

ट्रेंटन हे टोक होते. मुख्य प्रवाहातही दोन महायुद्धांच्या दरम्यान इंग्लंड-अमेरिकेत असंख्य लोकांचे निरोगी किंवा वाचवता येण्यासारखे दात काढले गेले. या लाटेला बांध घातला तो आतल्याच माणसांनी. न्यूयॉर्कचे रसेल सेसिल हे संधिवातावरील अधिकारी डॉक्टर, पूर्वी या सिद्धान्ताचे समर्थक. त्यांनी अँजेव्हाइन यांच्यासह संधिवाताच्या २०० रुग्णांचा आढावा घेऊन १९३८ मध्ये प्रसिद्ध केला. दात किंवा टॉन्सिल काढल्याने रुग्णांना म्हणण्यासारखा फायदा झालेला नव्हता. आपण जे वर्षानुवर्षे सांगत आलो ते चूक होते, असे छापील स्वरूपात कबूल करणे सोपे नसते. १९४० मध्ये राइमन आणि हॅव्हन्स यांनी एकूण पुराव्याची झाडाझडती घेऊन सरसकट दात व टॉन्सिल काढण्याविरुद्ध खणखणीत लेख लिहिला. विद्यापीठांत सिद्धान्त ओसरू लागला. पण विद्यापीठातून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत बातमी पोचायला वेळ लागतो. आजीच्या बाबतीत ती अठरा वर्षांतही पोचली नव्हती.

मात्र या पडझडीत एक खरा भाग होता. तो वाहून गेला नाही. १९३५ मध्ये लंडनच्या ओकेल आणि एलियट यांनी दात काढलेल्या १३८ रुग्णांचे रक्त लगेच तपासले. ६१ टक्क्यांच्या रक्तात तोंडातील जीवाणू सापडले. हिरड्या फार बिघडलेल्या असतील तर हे प्रमाण चारात तीन इतके होते. अशा काही रुग्णांच्या रक्तात तर दात काढण्याआधीच जीवाणू होते. म्हणजे तोंडातून रक्तात रस्ता आहे, हे निर्विवाद. बहुतेक माणसांत रक्तातील पांढऱ्या पेशी काही मिनिटांत हे पाहुणे संपवतात. परंतु ज्यांच्या हृदयाच्या झडपा आधीच खराब आहेत त्यांच्यात जीवाणू झडपेवर घर करू शकतात आणि जिवावर बेतणारा रोग होतो. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे त्यांना दंतवैद्य दात काढण्याआधी प्रतिजैविक देतात ते याचसाठी. रस्ता आहे एवढ्यावरून रस्त्याच्या टोकाला असलेल्या प्रत्येक गावातील चोरी त्याच रस्त्याने आलेल्या माणसाने केली, असे म्हणता येत नाही. चूक तेथे झाली होती.

चाळीस वर्षांची शांतता, आणि मग

यानंतर उलटे टोक गाठले गेले. तोंड आणि शरीर यांचा संबंध काढणे हेच जुनाट समजले जाऊ लागले. त्यात दंतवैद्यक हे वैद्यकापासून वेगळे शिकवले जाते. बाल्टिमोरला १८४० मध्ये पहिले स्वतंत्र दंतमहाविद्यालय निघाले तेव्हापासूनची ही वाटणी. आपल्याकडेही १९२० मध्ये डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कोलकात्यात पहिले दंतमहाविद्यालय काढले ते स्वतंत्रच. एक शास्त्र ओठांच्या आत, दुसरे बाहेर.

शांततेच्या या काळात हिरड्यांविषयीचे ज्ञान मात्र पक्के झाले. १९६५ मध्ये डेन्मार्कच्या आऱ्हुस येथे हॅराल्ड लोए यांनी १२ निरोगी जणांना, त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, दात घासणे बंद करायला सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. इतका स्वच्छ कार्यकारणभाव दाखवणारे प्रयोग वैद्यकात थोडेच असतील. मग लोए यांनी श्रीलंकेतील चहामळ्यांवरील ४८० मजुरांना १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षे पाहिले. त्यांना दंतवैद्य मिळत नव्हता आणि ब्रशही माहीत नव्हता. सर्वांच्या दातांवर थर व दगड होते. तरी सुमारे ८ टक्क्यांचा रोग झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांमध्ये तो हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. जीवाणू सर्वांचे होते, पण हाड सारखे झिजले नाही. रोग हा जीवाणू आणि शरीराचा प्रतिसाद या दोघांच्या व्यवहारातून होतो, हे त्या मजुरांच्या तोंडांनी शिकवले. यात एक काटा आहे. पंधरा वर्षे रोग वाढताना बघत राहणे योग्य होते का, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.

१९८९ मध्ये विषयाने पुन्हा डोके वर काढले. फिनलंडमध्ये मात्तिला यांनी हृदयविकाराचा झटका आलेले १०० रुग्ण आणि १०२ इतर लोक यांची तुलना केली. झटका आलेल्यांची तोंडे जास्त खराब होती. १९९३ मध्ये अमेरिकेतील ९,७६० लोकांच्या आरोग्य-पाहणीतून पायोरिया असलेल्यांत हृदयविकाराची शक्यता २५ टक्क्यांनी अधिक असल्याचे दिसले. जुनाट दाहामुळे रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचण्यास हातभार लागत असेल, ही कल्पनाही पटण्याजोगी होती. वर्तमानपत्रांना मथळा मिळाला: दात घासा, हृदय वाचवा.

आषाढात छत्र्यांची विक्री वाढते आणि बेडकांचे ओरडणेही वाढते. छत्र्या विकल्याने बेडूक ओरडत नाहीत. दोन्हींमागे पाऊस असतो. येथे पाऊस कोणता? मुख्यतः तंबाखू. धूम्रपानाने हिरड्या बिघडतात आणि हृदयही बिघडते. (आपल्याकडे मिश्रीने दात 'स्वच्छ' करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे रोग झाकला जातो.) त्याखेरीज गरिबी, मधुमेह, वय. हा पाऊस गणिताने वजा करता येतो, पण पूर्णपणे नाही. फिलिप हुयोल यांनी २००० मध्ये जवळजवळ तोच माहितीसाठा पुन्हा तपासला. धूम्रपानासारखे घटक अधिक काळजीने वजा केल्यावर संबंध जवळपास नाहीसा झाला. पुढच्या वर्षी त्यांनी एक मार्मिक प्रश्न विचारला. ज्यांचे सगळेच दात गेले त्यांच्या तोंडात पायोरिया उरत नाही. त्यांचे हृदय अधिक सुरक्षित असते का? तसे दिसले नाही. माझी आजी नकळत याच प्रयोगातली एक होती.

त्याच सुमारास असेही सांगितले जाई की पायोरियाच्या रुग्णाच्या हिरड्यांत तळहाताएवढी उघडी जखम असते. हुयोल यांनी तेही मोजले. ८ ते २० चौरस सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या टपाल तिकिटापासून फार तर दोन-तीन तिकिटांएवढी. तीही काही थोडी नव्हे, पण तळहात नव्हे.

खरा निवाडा प्रयोगच करतात. हिरड्यांचा रोग असलेल्या मातांची बाळे वेळेआधी जन्मतात असे १९९६ मध्ये एका लहान पाहणीत दिसले होते. मग अमेरिकेत ८२३ गर्भवती स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाच्या हिरड्यांवर गरोदरपणात उपचार झाले, दुसऱ्याच्या प्रसूतीनंतर. २००६ मध्ये निकाल आला: वेळेआधी प्रसूती १२.० टक्के आणि १२.८ टक्के. फरक नाही. उपचार सुरक्षित होते, हिरड्या सुधारल्या, एवढे मात्र खरे. हृदयाच्या बाबतीत अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सगळा पुरावा चाळून सांगितले की सहसंबंध आहे, कार्यकारण सिद्ध झालेले नाही. मेंदूच्या बाबतीत २०१९ मध्ये आल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत पायोरियाच्या एका जीवाणूच्या खुणा सापडल्याची बातमी गाजली. त्या जीवाणूच्या विकरांना रोखणाऱ्या औषधाची मोठी चाचणी २०२१ मध्ये अपयशी ठरली. कॉटन ज्यांच्याकडे शिकले त्याच आल्झायमर यांचे नाव येथे पुन्हा यावे, हा योगायोग विचित्र आहे.

मधुमेहाची कथा वेगळी निघाली. तेथे संबंध दुहेरी आहे. रक्तातील साखर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात, हे जुने ज्ञान. लोए यांनीच १९९३ मध्ये पायोरियाला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले होते. उलट दिशेने, हिरड्या सुधारल्या तर साखर उतरते का? २०१३ मध्ये ५१४ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीने 'नाही' असे सांगितले. २०१८ मध्ये लंडनमधील २६४ रुग्णांच्या चाचणीने, जेथे उपचार अधिक कसून केले होते, 'होय' असे सांगितले. २०२२ मध्ये ३५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सी हा आकडा ०.४३ ने खाली आलेला दिसला. म्हणजे समजा ८ असेल तर ७.६ च्या आसपास. चमत्कार नव्हे, पण मधुमेहाच्या एखाद्या दुसऱ्या गोळीने जेवढा फरक पडतो त्याच्या जवळपास जाणारा हा फरक आहे. तो खरवडण्याने आणि स्वच्छतेने मिळाला. हार्टफर्डच्या रिग्ज यांचाच उपचार हा.

आईला मधुमेह होऊन आता बारा वर्षे झाली. गेल्या वर्षी तिच्या डॉक्टरांनी पायांची बोटे आणि डोळे तपासून झाल्यावर विचारले, "काकू, घासताना हिरड्यांतून रक्त येतं का?" ती दचकली. तिला तिची सासू आठवली असणार. त्यांनी दंतवैद्याकडे चिठ्ठी दिली. तीन खेपांत हिरडीखालचा दगड काढून झाला. घरी आल्यावर आईने आरशासमोर उभे राहून दात मोजले. सत्तावीस होते, आणि सत्तावीसच्या सत्तावीस जागेवर.